बोका दोन मिनिटांत ताटली साफ करतो आणि थोड्या वेळात सगळं ओकून टाकतो, काय करावं?

पावसाळी ढग (डोंबिवली)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दोन मांजरं आहेत. थोरली सोनी, १२ वर्षांची, आणि धाकटा गुंड्या, २ वर्षांचा बोका. प्रश्न गुंड्याचा आहे.

हा आम्हाला सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडला. भर जुलैचा पाऊस, अंगभर पिसवा आणि पोट पाठीला लागलेलं. पहिल्या रात्री उकडलेलं चिकन समोर ठेवलं तर गुरगुरत खात होता, मान वर करायची तयारी नव्हती. आता अंगाने चांगला भरलाय. वजन साडेचार किलो, नसबंदी झाली आहे, लसी वेळच्या वेळी दिल्यात. पण खायची तऱ्हा मात्र तीच. ताटली फरशीला टेकायच्या आत तोंड आत घालतो. चावत नाहीच, दाणे नुसते ओढून गिळतो. दोन मिनिटांत स्वतःचं संपवतो आणि लगेच सोनीच्या ताटलीकडे वळतो.

आणि मग ओकतो. रोज नाही, पण आठवड्यातून बरेचदा. खाल्ल्यावर जरा इकडेतिकडे फिरतो, मध्येच थबकतो, मान पुढे काढतो आणि सगळं बाहेर. पोट ढवळल्यासारखं करत नाही. दाणे जसेच्या तसे, पाण्याने थोडे फुगलेले, एका लांबट वळकटीत पडलेले असतात. पिवळं पाणी नाही, फेस नाही. ओकून झाल्यावर तोंडावर काही त्रास दिसत नाही. उलट मी फडकं आणेपर्यंत तेच परत खायला लागतो.

घरात यावर एकमत नाही. सासूबाई म्हणतात, "लेकरू भुकेलं आहे, वाढ त्याला अजून." नवऱ्याचं म्हणणं, खाणं निम्मं कर म्हणजे ओकायला काही उरणार नाही. मला दोन्ही पटत नाही. ज्याने लहानपणी उपास काढलेत त्याला परत उपाशी ठेवायला मन धजत नाही, आणि जास्त वाढलं तर जास्त ओकेल हेही दिसतंय.

सध्या सकाळी ८ ला आणि रात्री ९ ला कोरडे दाणे देते, दोघांना एक-एक वाटी, शेजारी शेजारी. दिवसभर आम्ही दोघं कामावर, सासूबाई घरी. त्या सकाळच्या चहाबरोबर त्याला दूध-पोळी कुस्करून देतात, त्यांचा फार जीव आहे त्याच्यावर. सोनी पूर्वी चार दाणे खाऊन निघून जायची, दुपारी परत यायची. हल्ली तीही त्याचं बघून भराभर खायला लागली आहे, ताटलीपाशी आधीच येऊन ओरडत बसते.

हा आजार आहे की सवय? ऑनलाइन मिळतात त्या चक्रव्यूहासारख्या ताटल्या खरंच उपयोगी पडतात का? अनुभव असेल तर कृपया लिहा.

दर्याकाठ (मालवण)

ताई, आमच्या घरी मांजरं आजीच्या काळापासून आहेत आणि जी जी रस्त्यावरून आली ती सगळी अशीच खायची. एका आईला चार-पाच पिल्लं, समोर एक मासा. जे पिल्लू चावत बसलं त्याच्या वाट्याला काही राहत नाही. तुमच्या गुंड्याने ते शिकूनच घेतलंय, त्यात त्याचा दोष नाही. अशा मांजराला ओरडू नका, ताटली ओढून घेऊ नका. ताटली ओढली की त्याची खात्रीच पटते की अन्न कुणीतरी नेणार आहे, आणि पुढच्या वेळी आणखी घाई करतो.

मी करते ते सांगते. पेडवे किंवा बांगडा बिनमिठाचा नुसता पाण्यात उकडते, काटे काढते, हाताने अगदी बारीक कुस्करते आणि त्याच पाण्यात कालवून मोठ्या पसरट ताटाला चमच्याच्या पाठीने सारवून टाकते. पातळ थर. मग त्याला चाटूनच खावं लागतं, घास भरताच येत नाही. आमचा बोका पूर्वी बांगडा डोक्यासकट गिळायचा, आता ताट चाटत बसतो आणि मध्ये मध्ये थांबून मिशा पुसतो.

फक्त काटे नीट काढा. शिजवलेला काटा कडक होतो आणि घाईने खाणाऱ्याच्या घशात हमखास अडकतो. कच्चा मासाही देऊ नका. काही माशांत बी१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं, ते शिजवल्यावर जातं. सुकट, सुके बोंबील तर नकोच, त्यात मीठ किती असतं ते तुम्हाला माहीत आहे. आणि आपल्या कालवणातला तुकडा धुऊन देतात काही जण, तेही नको. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्ताला घातक आहे.

पेठेतलं घर (पुणे)

दर्याकाठ यांच्या सारवलेल्या ताटाला माझं अनुमोदन. मी गेली बरीच वर्षं रस्त्यावरची पिल्लं तात्पुरती सांभाळते, बरी करते आणि घरं शोधून देते. त्यामुळे असे गुंडे पुष्कळ पाहिलेत. जरा सविस्तर लिहिते, कारण हा विषय वरवरचा नाही.

आधी ओकण्याबद्दल. तुम्ही जे वर्णन केलंय, पोट न ढवळता, खाल्ल्या खाल्ल्या, दाणे अख्खे, लांबट आकार, ते खऱ्या अर्थाने उलटी नसावं. अन्न पोटात नीट पोचायच्या आधीच किंवा पोचता पोचता वर येतं. लांबट आकार अन्ननलिकेचा असतो. खरी उलटी वेगळी दिसते: मांजर आधी अस्वस्थ होतं, ओठ चाटतं, लाळ येते, पोटाचे स्नायू आत-बाहेर होतात, आणि बाहेर पडतं त्यात पिवळं पित्त किंवा अर्धवट पचलेलं असतं. दोन्हींची कारणं वेगळी, म्हणून पुढच्या वेळी मोबाइलवर चित्रण करून ठेवा. डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा ते अर्ध्या मिनिटाचं चित्रण जास्त उपयोगी पडतं.

कोरडे दाणे घाईने गिळले की सोबत हवाही गिळली जाते आणि दाणे आत ओलावून फुगतात. एका वेळी वाटीभर म्हणजे मांजराच्या मानाने खूप झालं. मांजराचं शरीर दिवसातून दोनदा पोटभर जेवण्यासाठी घडलेलंच नाही. उंदीर, चिमणी, पाल असं थोडं थोडं, दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा खाणारं जनावर आहे ते. सकाळी ८ ते रात्री ९ हे १३ तासांचं अंतर त्याच्यासाठी फार मोठं आहे. सासूबाई म्हणतात भुकेलं आहे, आणि नवरा म्हणतो एका वेळी जास्त होतंय. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. एकूण अन्न तेवढंच ठेवा आणि त्याचे पाच-सहा भाग करा.

तेवढंच म्हणजे किती, हे वाटीने कळत नाही. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणा. साडेचार किलोच्या, घरातच राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या बोक्याला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात. बहुतेक कोरड्या दाण्यांत १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी असतात. म्हणजे दिवसभरात ५५ ते ६५ ग्रॅमच्या आसपास. पाकिटावरचा आकडा बघून हिशेब करा. सकाळी सगळं मोजून एका डब्यात काढून ठेवायचं आणि दिवसभर जे काही द्यायचं ते त्या डब्यातूनच. घरातली चार माणसं खाऊ घालणारी असली की हाच एक उपाय चालतो, कारण डबा रिकामा झाला हे सगळ्यांना दिसतं. नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज कमी होते, म्हणून 'अजून मागतोय' यावर विसंबू नका.

आता ताटली. बाजारातल्या उंचवटे असलेल्या ताटल्या चांगल्या आहेत, पण बऱ्याचशा कुत्र्यांसाठी केलेल्या असतात, खोबणी खोल असतात. मांजराचं तोंड लहान, ते तिथे पोचत नाही आणि मांजर नाद सोडून देतं. मी सगळ्यांना एकच वस्तू सुचवते: आप्पेपात्र. बिडाचं, जुन्या पद्धतीचं, सात खळग्यांचं. प्रत्येक खळग्यात सात-आठ दाणे टाकायचे. मांजर एका खळग्यातले संपवतं, मान उचलतं, दुसऱ्याकडे जातं. त्या मान उचलण्यातच सगळं आलं, तेवढ्यात घास खाली उतरतो. बीड जड असल्यामुळे पात्र फरशीवर सरकत नाही. हलकं नॉनस्टिक असेल तर खाली ओलं फडकं घाला. काही मांजरं पंजाने दाणे उचलून बाहेर काढून खातात, ते तर फारच उत्तम.

आप्पेपात्र नसेल तर मोठी परात. दाणे सगळीकडे विखरायचे, एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. किंवा नदीतला गुळगुळीत गोटा स्वच्छ उकळून ताटलीच्या मध्ये ठेवायचा, म्हणजे त्याच्या कडेकडेने खावं लागतं. गोटा मांजराच्या तोंडात मावणार नाही इतका मोठा पाहिजे. खेळातून खाणंही शिकवता येतं. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये दाणे लपवा, किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीला दाण्याहून थोडी मोठी भोकं पाडा आणि ती त्याला ढकलू द्या. भोकांच्या कडा तापवलेल्या खिळ्याने गुळगुळीत करायला विसरू नका, नाहीतर पंजा कापतो.

हे सगळं एका दिवसात करू नका. पहिले काही दिवस आप्पेपात्राशेजारी त्याची जुनी ताटलीही ठेवा, तीत थोडे दाणे घाला. अवघड वाटलं तर ही मांजरं चिडतात, आणि चिडून खाणं सोडलं तर ते जास्त वाईट. खास करून जाड मांजर दोन-तीन दिवस काही न खाता राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठते आणि प्राणावर बेतू शकतं. म्हणून नवऱ्याला सांगा, निम्मं करणं नको.

दोघांच्या ताटल्या शेजारी शेजारी, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. मांजर एकटं खाणारं जनावर आहे. शेजारी दुसरं मांजर तोंड घालून बसलेलं असेल तर गुंड्यासारख्याला ती रोजची शर्यतच वाटणार. ताटल्या दोन वेगळ्या खोल्यांत, दार लावून ठेवा. किंवा सोनीची ताटली उंचावर, तिला चढता येत असेल तर. १२ वर्षांच्या मांजरीच्या सांध्यांचा विचार करा, मध्ये पायरीला एक स्टूल ठेवा. एकमेकांना दिसणार नाहीत एवढं झालं तरी माझ्याकडच्या निम्म्या पिल्लांचा वेग आपोआप उतरतो.

दूध-पोळीबद्दल. मोठ्या मांजरांना बहुतेक करून दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. पोळीतून त्याला काही मिळत नाही. मांजराला टॉरिन नावाचा घटक मांस-मासळीतूनच मिळवावा लागतो. तो कमी पडला तर डोळ्यांच्या पडद्यावर आणि हृदयाच्या स्नायूंवर परिणाम होतो. हृदयाचा संबंध १९८७ मध्ये सिद्ध झाला आणि त्यानंतर तयार खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं. पण सासूबाईंची सकाळची वेळ मोडू नका. त्या वेळी त्याच्याबरोबर बसणं, हाताने भरवणं, हे त्या दोघांचं आहे. त्यांना त्या डब्यातले दहा ग्रॅम दाणे द्या आणि एक-एक दाणा फरशीवर लांब टाकायला सांगा. तो पळत जाऊन आणेल. त्यांचाही वेळ छान जाईल.

शेवटचं, जंताचं औषध शेवटचं कधी दिलं होतं? पिसवा होत्या म्हणालात. पिसू गिळली गेली की त्यातून फीतकृमी होतो. शेपटीखाली किंवा झोपायच्या जागी तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसतात का बघा.

पावसाळी ढग (डोंबिवली)

किती मनापासून लिहिलंत, खूप आभार. जंताचं औषध झाल्याला सहा महिने होऊन गेले, ते या आठवड्यात करते. तांदळासारखे तुकडे दिसले नाहीत.

आप्पेपात्र लगेच लावलं. सासूबाईंचं बिडाचं पात्र त्यांच्या आईकडून आलेलं, ते मांजराला देणं शक्य नव्हतं, म्हणून स्टेशनजवळच्या भांड्याच्या दुकानातून वेगळं आणलं. पहिल्या दिवशी गुंड्या पात्राभोवती नुसता फेऱ्या मारत होता, मग एका खळग्यात पंजा घातला, एक दाणा वर आला आणि तो स्वतःच दचकला. आता व्यवस्थित खातो. दहा मिनिटं तरी लागतात. गेल्या काही दिवसांत एकदाच ओकला, तेही सासूबाईंनी वर थोडे दाणे ताटलीत घातले तेव्हा. फरशीवर दाणे टाकायचा खेळ त्यांना फारच आवडलाय, त्याला आता त्यांच्या चहाची वेळ पाठ झाली आहे.

ताटल्या वेगळ्या खोल्यांत केल्या. गंमत म्हणजे सोनीच्या खाण्याची घाई मात्र कमी झाली नाही. ती बेडरूममध्ये एकटी, दार बंद, तरी तशीच भराभर खाते आणि लगेच अजून मागते. रात्रीही ओरडत फिरते. भूक चांगली आहे म्हणून मला बरंच वाटत होतं. पण परवा उचलून घेतलं तर पाठीचा कणा हाताला लागला.

गोठा ते घर (नगर)

मी पशुवैद्यक आहे. गुंड्याबद्दल वरच्या दोघींनी जे लिहिलंय त्यात भर घालण्यासारखं थोडंच आहे. मला सोनीबद्दल लिहायचं आहे, आणि कृपया हे टाळू नका.

१२ वर्षांची मांजरी, जी आयुष्यभर चार दाणे खाऊन निघून जायची, ती अचानक भराभर खायला लागली, अजून मागते, रात्री ओरडते, आणि तरीही कणा हाताला लागतोय. हे गुंड्याचं बघून आलेलं नाही. म्हाताऱ्या मांजराची भूक वाढणं आणि वजन उतरणं ही दोन लक्षणं एकत्र दिसली की सगळ्यात आधी थायरॉइड ग्रंथी जास्त काम करते आहे का, हे तपासायचं असतं. दहा वर्षांवरच्या मांजरांत हा आजार नेहमी आढळतो. सोबत तहान वाढते, अंगावरचे केस विस्कटलेले राहतात, अधूनमधून खरी उलटी होते, हृदयाचे ठोके फार वेगाने पडतात. मालकांना बहुतेक वेळा वाटतं, म्हातारपणी तरतरी आली. दिसतंही तसंच.

दुसरी शक्यता मधुमेह. त्यातही खातं आणि वाळतं, पण पाणी फार पितं आणि शी-शूच्या ट्रेमधल्या वाळूत लघवीचे मोठे मोठे गोळे होतात. तिसरी, आतड्यांचे आजार. मूत्रपिंडाचा आजार असेल तर बहुधा भूक उलट कमी होते, पण या वयात दोन आजार एकत्र असणं नवीन नाही.

आता करायचं काय. आज घरीच वजन करा. तुम्ही वजनकाट्यावर उभ्या राहा, मग सोनीला घेऊन उभ्या राहा, दोन्हींतला फरक काढा. जुन्या लसीकरणाच्या पुस्तकात तिचं वजन लिहिलेलं असेल, त्याच्याशी ताडून बघा. चार किलोच्या मांजरीचं ४०० ग्रॅम उतरणं म्हणजे शरीराचा दहावा हिस्सा गेला. मग डॉक्टरांकडे जाऊन रक्ताची तपासणी करून घ्या, त्यात टी४ (थायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक) मागा. सोबत मूत्रपिंडाची तपासणी, साखर, आणि जमलं तर रक्तदाब. मूत्रपिंडाची तपासणी मुद्दाम सांगते आहे. थायरॉइड वाढलेलं असताना मूत्रपिंडाकडे रक्त जास्त जातं, त्यामुळे तिथला बिघाड झाकला जातो आणि थायरॉइडचं औषध सुरू झाल्यावर उघडा पडतो. आधीचे आकडे हातात असले की औषधाचं प्रमाण ठरवणं सोपं जातं.

आणि तोपर्यंत तिचं खाणं अजिबात कमी करू नका. ती मागेल तेवढं द्या, थोडं थोडं, अनेकदा. तिला आप्पेपात्र वगैरे काही लावू नका. म्हातारी मांजरं, दात दुखणारी मांजरं यांना अशी कोडी घालायची नाहीत.

गुंड्यासाठी एक गोष्ट मात्र राहून गेली. जो न चावता गिळतो तो दोराही गिळतो. शिवणाचा दोरा, रबरबँड, मिठाईच्या खोक्याची चकचकीत फीत, संक्रांतीला गच्चीवरून आलेला मांजा, हे त्याच्या वाटेत पडू देऊ नका. दोरा आतड्यात अडकला की आतडं चुणीसारखं गोळा होतं आणि कापलं जातं. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढायचं नाही. तसंच थेट दवाखान्यात न्यायचं. घरातलं माणसांचं औषध, विशेषतः पॅरासिटामॉल, मांजराला चुकूनही द्यायचं नाही. एक गोळी जीव घेऊ शकते.

दर्याकाठ (मालवण)

डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या मांजरीचं हेच झालं होतं, सगळे म्हणत होते, वयाने हावरी झाली. ताई, सोनीला लवकर न्या.

पावसाळी ढग (डोंबिवली)

नेलं. वजन पुस्तकातल्या आकड्यापेक्षा पाऊण किलो कमी निघालं. टी४ चांगलाच वाढलेला आहे, साखर ठीक, मूत्रपिंडाचे आकडे सध्या सीमेच्या आत आहेत. हृदयाचे ठोके मोजताना डॉक्टरांनी माझाही हात तिच्या छातीवर ठेवला. एवढ्याशा जिवाच्या छातीत इतकं वेगाने काही चाललेलं होतं आणि बाहेरून ती शांतपणे टेबलावर बसलेली. मला तिथेच रडू आलं.

थायरॉइडसाठी मेथिमाझोलच्या गोळ्या सुरू केल्या आहेत, दिवसातून दोनदा, आणि दोन-तीन आठवड्यांनी परत रक्त तपासायचं आहे. "गोठा ते घर", तुमचे आभार कसे मानू कळत नाही. मी प्रश्न विचारला होता बोक्याचा.

आता अडचण गोळीची. कुटून दाण्यांत मिसळली तर ती दाणे सोडते. तोंड उघडून घातली तर गालात धरून ठेवते आणि मग सोफ्यामागे टाकते. दिवसातून दोनदा ही ओढाताण तिला आणि मला दोघींना नको झाली आहे.

गोठा ते घर (नगर)

कुटू नका. ही गोळी कडू असते, आणि तिची पूड हातांना लागणंही बरं नाही. घरात कुणी गरोदर असेल तर तिने ती हाताळूच नये. गोळी दिल्यावर हात धुवा, तिचा ट्रे साफ करताना हातमोजे घाला.

औषधाने पहिल्या काही आठवड्यांत खाणं टाकलं, उलट्या झाल्या किंवा तोंड-मान सारखी खाजवायला लागली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा.

गोळी घशाशी कोरडी अडकली तर तिथे जखम होते, म्हणून वर पाणी किंवा ओलं खाणं गेलंच पाहिजे. कशी घालायची ते पेठेतल्या ताई जास्त चांगलं सांगतील, त्यांनी रोज घातल्यात.

पेठेतलं घर (पुणे)

सांगते. उकडलेल्या माशाचे किंवा चिकनचे वाटाण्याएवढे तीन गोळे करा, अगदी मऊ, चिकटसर. त्यात थोडं उकडल्याचं पाणी असू द्या. सोनीला भूक आहे, तर जेवणाच्या आधीची वेळ निवडा. पहिला गोळा रिकामा, तो खाऊ द्या. दुसऱ्यात गोळी, आणि तो तोंडात जात असतानाच तिसरा नाकासमोर धरा. तिसरा मिळवायच्या घाईत ती दुसरा चावत बसत नाही, गिळते. गोळी झाकताना बोटाला लागलेला कडू वास बाकीच्या गोळ्यांना लागू देऊ नका, म्हणून आधी तिन्ही गोळे करून ठेवा आणि गोळी सगळ्यात शेवटी दुसऱ्या हाताने आत दाबा. वरून लगेच तिचं ओलं जेवण द्या.

हे सगळं बेडरूमचं दार लावून करा. गुंड्याला माशाचा वास आला तर तो दुसरा गोळा तिच्या आधी पळवेल, आणि ती गोळी त्याच्या पोटात जाता कामा नये. त्या वेळी सासूबाईंना बाहेर दाणे टाकायला बसवा.